एका पिशवीत एकच

आज सकाळी नखं कापायच्या कात्रीने मी अकरा जणांचे गळे कापले. बाल्कनीत, दुधाच्या रिकाम्या पिशवीत उगवलेली टोमॅटोची रोपं होती ती.

गेल्या खेपेला मला हे जमलं नव्हतं. घरातला एक सडका टोमॅटो अशाच पिशवीतल्या मातीत चिरडला आणि आठवड्यात डझनभर कोंब वर आले. शेजारच्या सुमनकाकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "एका पिशवीत एकच ठेव गं. बाकीच्यांची मुंडकी उडव."

मला संताप आला. उगवलेल्याला मारायचं? मी सगळी ठेवली, रोज पाणी घातलं आणि स्वतःच्याच मायेवर खूश झाले. महिन्याभरात सगळी पिवळी पडून लोळली. पिशवी फाडली, तर आत माती दिसेचना. मुळांनी मुळांना फास घातले होते. वर पानं एकमेकांना टेकून शहाण्यासारखी उभी असायची आणि खाली हे चाललेलं. त्या मारामारीला पाणी मीच घालत होते.

म्हणून आज कात्री. उपटलं तर राहणाऱ्याचंही मूळ हलतं, मातीलगत कापायचं, हेही काकूंनीच सांगितलं. सगळ्यांत जाड देठाचं एक ठेवलं. बाकीच्यांचा गुन्हा एवढाच, की ती दोन दिवस उशिरा उगवली.

मग हात धुतले, साबण लावून, दोनदा. जेमतेम चार पानांची होती ती. तरी बोटांना वास येत होता, टोमॅटोचाच.