बिराप्पाची उटी

मला आधी एका गोष्टीचं उत्तर द्या. चढावर मोटार बंद पडली. तुम्ही खाली उतरलात, चाकामागं दगड लावलात. मोटार सुरू झाली आणि तुम्ही पळत जाऊन आत चढलात. तो दगड कुणी उचलला?

आता उगं घसा खाकरू नका. हा सवाल मी चावडीपुढं विचारलाय, बाजारात विचारलाय, मोटारमालकाच्या दारात उभा राहून विचारलाय. कुणी आभाळाकडं बघतं, कुणी चिलमीकडं. म्हणून बिराप्पाची हकिकत लिहून काढतो.

बिराप्पा माणातला, धनगराचा. पलटणीत गेला, तिथं मालमोटार शिकला, कान फुटला म्हणून घरी पाठवला गेला. लढाई अजून चालूच होती. पेट्रोल मिळेना, तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशावर धावायच्या. गाडीच्या मागं लोखंडी पिंप, त्यात कोळसा पेटवायचा आणि त्या धुराच्या वायूवर इंजिन चालवायचं. सपाटीला ठीक. चढ आला की गाडी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी धापा टाकायची आणि मधेच बसायची. अशी एक गाडी दहिवडीहून साताऱ्याला बिराप्पा न्यायचा.

माणूस गोड नव्हता. पाशिंजरांना शिव्या घालायचा, बिडी पेटवली तर उतरवून द्यायचा. पण त्या मुरमाच्या रस्त्यावर त्याच्याइतकी तयारी कुणाची नव्हती. पाण्याची पखाल, तार, दोर, फुटक्या टायरीत कोंबायला उसाचं पाचट, सगळं टपावर. आणि मागच्या चाकापाशी साखळीनं बांधलेली बाभळीची उटी, म्हणजे चाक अडवायचा लाकडी ठोकळा. स्वतः तासलेली. चढाला लागताना ती खाली सोडायची. चाकामागून ती फरफटत यायची. गाडी मागं सरकली की चाक तिच्यावर बसायचं, पुढं निघाली की उटी आपोआप मागून यायची. दगड लावायला नको, उचलायला नको. बैलगाडीची युक्ती ती. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. गुंडा नावाचा त्याचा जोडीदार त्याच मालकाची दुसरी गाडी हाकायचा, तो तर रोज म्हणायचा, "बिरा, शेपूट सांभाळ रं!"

वैशाखात एक दिवस गाडीत राहीबाई नावाची पोर होती. अडलेली. नवरा मुंबईला गिरणीत, सोबत सासू शालूबाई. सुईणीनं हात टेकले होते, साताऱ्याचा दवाखाना गाठला तरच जीव वाचणार होता. मालक लालासाहेबांनी कोळसा निम्मा केला होता, वर तोही ओला. पिंपळखिंडीच्या पायथ्याला पिंप थंड पडलं.

आजूबाजूला काय? निवडुंग आणि उन्हानं तडकलेली ढेकळं. भाऊसो नावाचा एक दुकानदार गाडीत होता. तो म्हणाला, "आरं, एवढं वाळकं लाकूड मागं लोंबतंय की. फोड आन् घाल पिंपात."

"उटीला हात लावायचा न्हाई," बिराप्पा म्हणाला.

"का? पुजायची हाय व्हय?"

लोक हसले. शालूबाई हसली नाही. ती खाली उतरून त्याच्यापुढं उभी राहिली. "आवं बिराप्पा, लाकूड मोठं का माजी सून?"

बिराप्पानं कुऱ्हाड काढली.

गाडी निघाली, पण अर्ध्या चढावर पुन्हा अडली. "दगूड लावा रं!" बिराप्पा ओरडला. गडी उतरले, दोन धोंडे चाकामागं लावले. इंजिन धुमसलं, दम धरला, गाडी हलली. आता थांबली असती तर पुन्हा हललीच नसती. बिराप्पा आतूनच ओरडला, "दगूड काढा रं! आधी दगूड काढा!"

मागच्या शिडीला लोंबकळत भाऊसो ओरडला, "काढलं, काढलं! चल तू!"

काढले नव्हते.

खिंडीपलीकडं समोरून गुंडाची गाडी आली. साताऱ्याहून परत निघालेली, भरलेली. गुंडानं मान बाहेर काढली, "आज शेपूट कुटं गेलं रं? बायकुनं चुलीत घातलं व्हय?" बिराप्पानं नुसता हात हलवला. थांबला नाही. आत राहीबाई कण्हत होती.

राहीबाई वाचली. मूल वाचलं नाही.

आणि गुंडा खिंड उतरत होता. कोळशाच्या गाडीला उतार म्हणजे सण. वेग घेतला की पुढचा चढ निघतो, म्हणून सगळेच उतारावर गाडी सोडतात. वळणाआड धोंडा. पुढचं चाक आपटलं, सुकाणू हातातून सुटलं, गाडी नाल्यात गेली. गुंडा जागीच गेला, त्याच्याबरोबर वडूजकडची दोन माणसं.

दवाखान्याच्या पायरीवर बिराप्पाला ही बातमी कळली. लालासाहेबांचा माणूस आधीच येऊन बसला होता. त्यानं कानात सांगितलं, "गुंडा पिलेला हुता. पंचनाम्यात तसंच येणार. तू मधी पडू नगंस." मेलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास लावणं सोपं असतं. त्याला वास घेता येत नाही, जबाबही देता येत नाही.

बिराप्पा दहिवडीला परतला तो थेट चावडीत गेला. फौजदार, मालक, भाऊसो, गाडीतले गडी, सगळे होते.

"सायेब, गुंडा पिलेला नव्हता. दगूड माजा हाय."

फौजदार हसला. "दगडावर नाव कोरलंयस काय?"

"न्हाई. पर लावा म्हनून म्याच वरडलो. काढला का न्हाई ते उतरून बगितलं न्हाई. आन् गुंडा समूर आला, त्याला एक सबूद बोललो न्हाई."

"आरं येड्या, लायसन जाईल तुजं," लालासाहेब म्हणाले.

"जाऊ दे."

सगळ्यांनी भाऊसोकडं बघितलं. भाऊसो पायातली वहाण नीट करत होता.

लायसन गेलं. गुंडाची बायको बनुबाई चावडीच्या बाहेर बसली होती. तिनं बिराप्पाला शिवी दिली, धूळ उचलून त्याच्या अंगावर टाकली. मग म्हणाली, "माज्या धन्याला दारुडा म्हनू दिलं न्हाईस, तेवडं मातुर केलंस."

बिराप्पा पुन्हा कधी चाकाला बसला नाही. सातारा रस्त्याला ठेकेदाराकडं खडी फोडतो. मी भेटायला गेलो तर हातोडा थांबला नाही. "लिवा काय ते," म्हणाला, "पर माजं कवतिक नगं. गुंडाचं लिवा."

लिहिलं. पण दहिवडीच्या बाजारात आजही लोक म्हणतात, गुंडा पिऊन मेला. सरकारी मोटारी आल्या म्हणून मुरूम बदलला नाही, चढ बदलले नाहीत आणि तुम्हीही बदलला नाहीत. भाऊसोचं दुकान झोकात चालू आहे.

तेव्हा एवढंच करा. गाडी निघाली तरी पळू नका. ड्रायव्हर बोंबलला तर बोंबलू दे, गाडी पुढं गेली तर तुम्ही चालत जा. आधी मागं फिरा, दोन्ही हातांनी तो दगड उचला आणि रस्त्याच्या कडेला टाका. आणि गुंडा पिलेला होता असं कुणी तुमच्यासमोर म्हणालं, तर त्याला तिथंच थांबवा.