पालकांची सही

तमाम ग्रामस्थांना, पै-पाहुण्यांना आणि आमच्या पाणंदीतल्या कुत्र्यांनाही जाहीर कळविण्यात येते की, आमच्या घराण्यात प्रथमच एक व्यक्ती मास्तरकी सोडून दुसरं काहीतरी करणार आहे. सदर व्यक्तीचं वय सोळा असून संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर ती हायवेवरच्या काजूच्या दुकानात उभी राहणार आहे. कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती लेखी, दोन प्रतींत, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आणून द्यावी. झेरॉक्सचे पैसे वेगळे पडतील.

ही घोषणा मी आमच्या घरापुढच्या खळ्यात उभी राहून, हातातल्या वर्तमानपत्राची सुरळी तोंडाला लावून केली. (माझं बांद्याच्या बाजारातलं दुकान घराणं धंद्यात धरत नाही. तो आत्याचा छंद आहे, असं सगळे समजतात.) सदर व्यक्ती, म्हणजे माझी भाची, हसली, वहिनीने पदर तोंडाला लावला. पडवीतल्या खाटेवरचा माझा थोरला भाऊ, तिचा बाप, मात्र हसला नाही. तो भिंतीकडे बघत होता.

तो हायस्कूलात मास्तर. शिमगा झाल्यावर एका सकाळी हजेरी घेताना त्याच्या हातातलं पेन पडलं आणि मागोमाग उजवी बाजूच पडली. पाय हळूहळू सावरला. जीभ बरीचशी सावरली. हात नाही सावरला. "हात झोपलो आसा. उठतलो," असं तो म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो. बाजारात कोणी चौकशी केली तर घरातल्या आम्हा तिघींचं एकच उत्तर ठरलेलं: "आता बरो आसा." इतकं ठणकावून सांगायचो की लोक पुढे विचारायचेच नाहीत.

पोरीला पैसे हवे होतेच, कोणाला नको असतात? पण खरं कारण तिने मला दुकानात, मशीनवर कागद लावता लावता सांगितलं. "आते, घरात सगळी हळू बोलतत. माका कोणाशीतरी मोठ्यान बोलाक व्हया."

काजूच्या दुकानाचा मालक दिवसभर मालवणीत भांडणारा माणूस. पण कागदांचा विषय निघाला की खुर्चीत ताठ बसून पुस्तकी मराठीत शिरतो. "वयाचा दाखला, आधार कार्डाची प्रत, कॉलेजचं बोनाफाईड, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, बँकेच्या पासबुकाची प्रत," त्याने बोटांवर मोजत सांगितलं, "आणि पालकांचं संमतीपत्र, सहीनिशी." मग एकदम खाली उतरून म्हणाला, "रागाव नको हां बाय. शेजारच्या हॉटेलात इन्स्पेक्टर येवन गेलो. थंयसरचो पोरगो चौदा वर्सांचो पण नाय होतो. तेव्हापासून माका झोप नाय."

चतुर्थीची गर्दी तोंडावर होती. सोमवारपर्यंत कागद आले तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी तयार होती.

मी पदर खोचून कामाला लागले. कागद ही माझी युद्धभूमी आहे. कॉलेजच्या क्लार्कने बोनाफाईडवर सवयीने 'शिष्यवृत्तीसाठी' असं कारण लिहिलं. मी म्हटलं, भाऊ, ही काजू विकणार आहे. तो म्हणाला, "तसा कारण आजपर्यंत कोणी सांगूकच नाय," आणि खोडून पुन्हा लिहिताना पेन चावत बसला. डॉक्टरांनी पोरीच्या छातीला नळी लावली, जीभ बघितली, कोणतं काम ते विचारलं आणि सर्टिफिकेटवर शिक्का मारत म्हणाले, "विकायचे. खायचे नाहीत." शनिवारी दुपारी माझ्या फाईलमध्ये एक सोडून सगळं होतं.

ते एक मिळवायला मी स्टॅम्पपॅड घेऊन पडवीत गेले.

"दादा, अंगठो चलता. सरकार सुद्धा घेता."

त्याने मान वळवली. "खंयचो अंगठो?"

हा माणूस आजारीपणातही तोंडी परीक्षा घेतो. मी म्हटलं, "पुरुषांचो डावो, बायकांचो उजवो."

"धापैकी धा. आता ता डबडा भायर टाक."

वहिनी मध्ये पडायला आली, तर त्याचा आवाज चढला. चढला की शब्द घसरायचे, म्हणून तो आणखी चिडायचा. "गावातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे सोडवलंय मी. देवळात कंदील घेवन बसलंय. आता माझोच घेतलंस?" ते खरंच होतं. साक्षरतेच्या वर्गात त्याने अर्धा गाव सहीला लावला होता. अंगठेबहाद्दर ही त्याच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी. पण मला कळत होतं की अडचण त्या शिवीची नव्हती. अंगठा दिला की हात उठणार नाही, हे त्याने स्वतः लिहून दिल्यासारखं झालं असतं.

"मगे डाव्या हातान सही कर," मी म्हटलं.

या वेळी वहिनीच दचकली. "पोरीच्या पयल्या कामाक डावो हात?" आमच्याकडे डाव्या हाताने प्रसाद देत नाहीत, पैसे देत नाहीत, सुनेला हळदही लावत नाहीत. आजारातसुद्धा दादाला कोणाला काही द्यायचं असलं तर तो डाव्या हाताने उजवा उचलून पुढे करायचा, त्या निर्जीव तळव्यावर लाडू ठेवायचा आणि मग "घे" म्हणायचा.

वहिनीची सही चालेल, असं मालकाने स्वतःच सांगितलं होतं. वहिनी पेन घेऊन बसलीही. पोरीने कागद ओढून घेतला.

"नको, आये."

"कित्याक गो? मी कोण नाय तुझी?"

"तू सही केलंस तर बाबा घरात असान नसल्यासारे." एवढं बोलून ती आत गेली. वहिनी पेनाचं टोपण लावत बसली. ते बसत नव्हतं.

रविवारी दादाने स्वतःच पोरीला हाक मारली. "पाटयेवर गिरवतत तसा. धर माझो हात."

ती खाटेवर त्याच्या उजव्या अंगाला बसली. त्याच्या बोटांत पेन अडकवलं, वरून आपली मूठ वळली. लहानपणी त्याने तिचा 'अ' असाच काढून घेतला असणार. मी दारात उभी होते आणि मला एकही विनोद सुचला नाही. घरात ही घटना अजून नवलाची म्हणून सांगतात. पेन सरकलं, अडलं, पुन्हा सरकलं. कागदावर नाव दादाचं उमटलं, पण अक्षर पोरीचं: गोल, टपोरं, मात्रा फुललेल्या.

दादाने कागद डोळ्यांजवळ नेला. "बरी आसा," म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

सोमवारी पोर फाईल घेऊन एकटी गेली आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर परत आली. फाईल तिने खळ्यातच ठेवली.

मालकाने दोन सह्या शेजारी शेजारी धरल्या होत्या, तिची अर्जावरची आणि पालकांची संमतीपत्रावरची. बाजारातल्या निम्म्या माणसांसारखा तोही दादाचा विद्यार्थी. मास्तरांची सही त्याने प्रगतीपुस्तकावर वर्षानुवर्षं बघितलेली, घाबरत घाबरत. "ही तुझी सही गो. गेल्या वर्साक एका पोरान असोच बापाक बनवल्यान." पोर म्हणाली, बाबांना बरं नव्हतं. तो म्हणाला, "तुझी आत्या तर सगळ्यांका सांगता, मास्तर आता बरे आसत. बरे आसत तर सही अशी कशी?"

आम्ही बाजारभर पेरलेलं उत्तर तिच्या वाट्याला उगवलं होतं. ती फाईल उचलून निघाली, आणि निघाली म्हणून खोटी ठरली.

"माका नको ता काम," ती म्हणाली. अगदी हळू.

पडवीत खाट करकरली. दादा उठून बसला होता. "माझो शर्ट खंय आसा?"

शिमग्यापासून त्याने खळं ओलांडलं नव्हतं. वहिनीने बटणं लावली, उजवी बाही खाली ओढून हात झाकला. त्याने डाव्या हाताने ती बाही पुन्हा वर सारली. रिक्षात तो मध्ये, एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला मी. रस्त्यात ओळखीचे दोघेतिघे दिसले. नेहमीप्रमाणे मी हात हलवायला गेले, पण हात वर जाईना.

दुकानात गोव्याहून परतणारे पर्यटक मसाला काजू चाखत उभे होते. मालक दादाला बघून गल्ल्यावरून उठला. मग त्याला तो लोंबणारा हात दिसला आणि त्याचा चेहरा पडला.

"मास्तरानू... तुमी कित्याक येलात? ऱ्हवांदे ती सही. मी चालवन घेतंय."

"चालवन घेवचा नाय," दादा म्हणाला. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "पोरगी खोटी नाय. हात तिनाच धरलेलो. पॅड हाड."

मालकाने बिलांवर शिक्का मारायचं जांभळं पॅड पुढे केलं. दादाने डावा अंगठा त्यावर टेकवला, कागदावर ठेवला आणि इतका वेळ दाबून धरला की पोरीने हळूच त्याच्या मनगटाला हात लावला. पर्यटकांतल्या एका बाईने चघळणं थांबवलं. पोर रडत होती, पण खाली बघून नाही. सरळ समोर, सगळ्यांना दिसेल असं.

मालक गडबडला होता. त्यात विषय कागदाचा, तेव्हा तो काय करतो ते सांगितलंच आहे. खुर्चीत ताठ बसत तो पुस्तकी मराठीत म्हणाला, "अंगठ्याखाली साक्षीदाराची सही आवश्यक असते."

साक्षीदार म्हणजे मी. दिवसाला ढीगभर लोकांना 'इथे सही करा, तिथे सही करा' सांगणारी बाई. मी पेन घेतलं. त्या जांभळ्या ठशाखाली पेन टेकवलं, आणि ते तिथेच थरथरायला लागलं. पहिलं अक्षर ओळीखाली घसरलं. दुसरं काही येईना. सगळं दुकान माझ्या हाताकडे बघत होतं.

आणि दादा, भर दुकानात, सगळ्या पर्यटकांदेखत ओरडला, "हात कित्याक थरथरता गो तुझो? लकवो माका झालो आसा, तुका न्हय!"