होन्झिकला मारलेली हाक

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी सिव्हिल इंजिनिअरिंगचा माणूस... जे मोजता येत नाही, ते मानायचं नाही. तरी हे लिहितोय, कारण आठवलं की आजही छातीत धस्स होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या आमच्या कॉलेजात मी नुकताच शिकवायला लागलो होतो, तेव्हा तिथे चेकोस्लोव्हाकियाहून प्रोफेसर यान आले होते. राहायला शेजारी, जेवायला आमच्याकडे. माझ्या आईनं त्यांना एक रीत शिकवली होती – निघताना मागून हाक आली तर परत फिरायचं, घटकाभर बसायचं, पाणी पिऊन मग निघायचं. आम्ही घरचे ती कधी पाळत नव्हतो. साहेब मात्र इमानेइतबारे पाळायचे! मी चिडवायचो, "सर, पुढच्या जन्मी भटजी व्हाल!"

पाऊस सरता सरता मेढ्याजवळ सर्व्हे कॅम्प लागला. भर दुपार. मुलं खाली ओढ्यात मापं घेत होती. सर त्यांच्याकडे उतरायला निघाले... आणि मागून बाईचा आवाज आला. अगदी स्पष्ट, घाबराघुबरा. "होन्झिक! होन्झिक!"

मी वळून पाहिलं. मागे नुसता माळ.

"सर, होन्झिक कोण? कुणी बाई हाका मारतेय."

सर पांढरेफटक पडले. मोडक्या मराठीत म्हणाले, "हे नाव तुला कोण सांगितलं?"

जीपचा ड्रायव्हर नामूदादा म्हणाला, "आवं सर, हितं बाई कुटली? मला तर कायबी ऐकू आलं न्हाई."

सरांनाही आलं नव्हतं. पण रीत ती रीत! शिट्टी फुंकून त्यांनी सगळ्या मुलांना वर बोलावलं, बसवलं, पाणी प्यायला लावलं. मुलं फिदीफिदी हसत होती, मी वैतागलो होतो – काम अर्धं पडलेलं. तेवढ्यात ओढ्याला लोंढा आला. खाली ठेवलेलं सामान डोळ्यांदेखत वाहून गेलं. वर डोंगरात पाऊस झाला असणार, त्यात नवल काही नाही.

"लय वाचली पोरं... लय वाचली," नामूदादा पुटपुटत राहिला.

परतताना सर म्हणाले, होन्झिक हे यानचंच लाडाचं रूप, आणि त्या नावानं त्यांना फक्त त्यांची आई हाक मारायची. ती त्यांच्या लहानपणीच गेली.

"आवाज कसा होता? मी विसरलोय."

काय सांगणार, कप्पाळ! मला तो शब्दांत धरताच येईना.

ते मायदेशी निघाले तेव्हा मिरज स्टेशनवर सोडायला गेलो. डब्याच्या दारात उभं राहून त्यांनी हळूच विचारलं, "मागून काही ऐकू येतं?"

"नाही, सर."

गाडी हलली तरी ते कान देऊन उभे होते.

आई त्यांची, आणि हाक ऐकू आली मला. का, ते आजतागायत कळलेलं नाही.