वेशीपासून चाळीस साखळ्या

“गावाची चाळीस साखळ्या जागा सोडा, त्यापुढचं सगळं आपलं,” चीफ ऑफिसर म्हणाले आणि नकाशावर बोटाने रेघ ओढली.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका म्युनिसिपालटीत मोजणीदार होतो. लढाई नुकतीच संपली होती, शहर वाढत होतं, जनावरांच्या बाजाराला जागा पुरत नव्हती. शेजारच्या गावाच्या अंगाला माळ होता, त्यावर सगळ्यांचा डोळा. पण शहराला वाटेल तेवढी हद्द वाढवता येत नाही. आमच्या मंजुरीत अट होती: गावठाणापासून, म्हणजे लोकांच्या राहत्या घरांपासून, पाव मैलाच्या आतली जमीन घ्यायची नाही. साखळी तेहतीस फुटांची असते. पाव मैलाला बरोबर चाळीस भरतात.

गावठाणाची कड जुन्या नकाशात पुसट होती. अशा वेळी पाटलांना विचारायचं आणि पंचनामा करायचा, हा आमचा रिवाज. मी विचारलं.

“गाव हितं संपतं,” पाटील वेशीच्या दगडावर हात ठेवून म्हणाले.

“आणि ती पलीकडची घरं?”

“ती वस्ती हाय. गाव न्हाई.”

वेशीबाहेर शहराच्या बाजूला अठ्ठावीस घरं होती. पूर्वी अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेली माणसं. दोन पिढ्यांमागे ती ख्रिस्ती झाली, पण वेशीच्या आत काही आली नाहीत. मी घरं फील्डबुकात टिपली, अंतरं लिहिली आणि पाटलांची सही घेतली. सही घेताना पाटील खुशीत होते. मी मोजणी वेशीपासून धरली.

चाळिसाव्या साखळीला खुंटी मारली. खुंटीच्या पुढे, म्हणजे शहराच्या वाट्याला, गावाचं निम्मं गायरान गेलं आणि वस्तीची दफनभूमी सगळीच गेली.

तिथे दाविद मास्तर उभे होते. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, हातात काठी. एका कबरीकडे बोट करून म्हणाले, “ही आमच्या मुलीची, मार्थाची, आई. शेजारची जागा मी माझ्यासाठी राखली आहे. हद्द पडली तर?”

म्युनिसिपालटीच्या हद्दीत परवानगीशिवाय पुरता येत नाही, आणि बाजाराच्या जागेत ती मिळणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. खोटं कशाला बोलू?

“वस्तीपासून मोजलं असतं तर?”

“तर दफनभूमी सुटली असती. गायरानही.”

हरकतींची नोटीस गावच्या चावडीवर लागली. चावडीवर वस्तीतलं कोणी चढत नसे. म्हणून मी मुद्दाम जाऊन मास्तरांना मुदत सांगितली. एवढं एक बरं काम माझ्या हातून झालं. त्यांनी सुरेख अक्षरात अर्ज लिहिला: वस्ती गावाचाच भाग आहे, तिथून मोजावे.

सुनावणीला प्रांतसाहेब आले. गायरान जाणार म्हटल्यावर निम्मं गाव लोटलं होतं. पाटलांचा चेहरा उतरलेला. प्रांतसाहेबांनी अर्ज वाचला आणि सरळ विचारलं, “पाटील, ही वस्ती तुमच्या गावात आहे की नाही? आहे म्हणा, मी उद्याच फेरमोजणी लावतो. तुमचं गायरानही वाचेल.”

पाटील मास्तरांकडे बघत राहिले. मागून कोणीतरी पुटपुटलं, “व्हय म्हनाल तर उद्या हिरीवर येतील.”

मास्तर हात जोडून म्हणाले, “विहीर नको, पाटील. मला तेवढी जागा राहू द्या.”

मग पाटील खाली मान घालून म्हणाले, “वस्ती येशीबाहेरच हाय, सायेब. पैल्यापासनं.”

मी फील्डबुक घेऊन उठू लागलो. त्यात अठ्ठावीस घरं होती, अंतरासकट, आणि अटीत राहती घरं लिहिलेली होती. चीफ ऑफिसरांनी माझी बाही ओढली. “कोणी विचारलंय का तुम्हाला? बसा.” मी बसलो. घरी बायको, दोन मुली, कायम व्हायला चार महिने बाकी. ही कारणं खरी आहेत. पण त्या दिवसाची लाज त्यांनी काही कमी झालेली नाही.

वेशीपासूनची हद्द कायम झाली. गाव गायरानाला मुकलं, तरी वस्तीला गाव म्हणालं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात मास्तर गेले. त्यांच्या दफनाच्या परवानगीचा अर्ज मी स्वतः चीफ ऑफिसरांकडे नेला होता. तो नामंजूर होऊन आला. मिशनच्या दुसऱ्या दफनभूमीत, नऊ मैलांवर, बैलगाडीतून त्यांना नेलं. मी गाडीमागे चालत गेलो. माती टाकून झाल्यावर त्यांची मुलगी मार्था माझ्यापाशी आली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, “तुम्ही मोजणी करता ना? आईपासून हे किती साखळ्या झालं हो?”

हिशेब मला तोंडी येत होता. मी माहीत नाही म्हणालो.

पुढे मी बढती घेतली, नव्या मोजणीदारांना शिकवलं. त्यांना सांगायचो, राहती घरं स्वतः चालत जाऊन बघा, आणि पुस्तकात लिहिलेलं सुनावणीत बोलून दाखवा, कोणी विचारो न विचारो. पोरं मान डोलवायची. मी स्वतः काय केलं होतं, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.