इंदूताईंचे प्रवासाचे कपाट

इंदूताई साळवी येत्या वैशाखात दिल्लीच्या गाडीने निघून पुढे पहाडात बर्फ बघायला जात आहेत. तिकीट या वेळी कायम असल्याची बातमी त्यांच्या सूनबाई मेघना यांनी परवा दिली आणि खात्रीसाठी मोबाइलवर ते दाखवलेही. ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ तयार होत असताना आम्हा वाचकांना याहून मोठी बातमी नव्हती. रत्नागिरीतल्या कितीतरी प्रवाशांच्या पिशवीत ज्यांनी पुस्तक ठेवले, त्या स्वतः मुंबईपलीकडे कधी गेलेल्या नाहीत. याआधी दोनदा तिकीट निघाले आणि दोनदा रद्द झाले. एकदा यजमानांचे आजारपण आडवे आले. दुसऱ्यांदा “माझ्यामागे कपाट कोण बघणार?” म्हणून ताईंनीच जाणे मोडले.

हे कपाट म्हणजे काय, ते बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे. पण त्याआधी आमची पहिली ओळख.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात नवा होतो आणि मला अधिवेशनाच्या बातम्यांसाठी नागपूरला धाडले होते. विदर्भाविषयी काही वाचून जावे म्हणून वाचनालयात गेलो. टेबलामागे बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि मच्छीमारांच्या कथांचे एक पुस्तक पुढे केले. म्हटले, मला विदर्भ हवा आहे.

“विदर्भ खिडकीतनं दिसेलच की. जे दिसणारच आहे ते वाचून डोळे कशाला दमवायचे?”

नागपूरच्या कोरड्या थंडीत मी रोज थोडे थोडे ते पुस्तक वाचले. परत आल्यावर मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो, तर लहानपणापासून बघितलेल्या होड्या थांबून बघाव्याशा वाटल्या. ताईंची ही रीत आजही तशीच आहे. डोंगरात जाणाऱ्याला समुद्र, समुद्रावर जाणाऱ्याला वाळवंट, मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याला एखाद्या लहानशा गावाची गोष्ट.

निवृत्तीनंतर त्यांनी एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या पडवीत एक कपाट उघडले. तिथे ‘काय वाचता?’ असे कोणी विचारत नाही. ताई विचारतात, “कुठं निघालात?” मग बसायला जागा मिळणार का, सोबत कोण, उतरल्यावर घ्यायला कोण येणार, हेही विचारतात. पालीला जाणाऱ्याला एक कथा पुरते, गुहागरला जाणाऱ्याला दोन लागतात. कोल्हापूरच्या प्रवाशाला त्या बजावतात, “साखरप्याला पुस्तक मिटायचं. घाटात वाचाल तर पुस्तकही खराब कराल आणि शेजाऱ्याचा सदराही.” अनामत नाही, मुदत नाही. परतल्यावर पुस्तक आणून द्यायचे आणि ते कुठे बसून वाचले तेवढे सांगायचे.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग मी समोर बसून पाहिला आहे. पालीजवळच्या एका गावातल्या सुनंदाबाई मुंबईला निघाल्या होत्या. त्यांचे यजमान तिथे कामाला होते, आणि त्यांना रुग्णालयात ठेवल्याचा फोन आला होता. एसटीला अवकाश होता म्हणून त्या पडवीच्या पायरीवर टेकल्या. ताईंनी आधी पाणी दिले, मग चहा दिला आणि निघताना पाककृतींचे एक जाडजूड पुस्तक पिशवीत घातले. मला ते विचित्र वाटले. बाई गेल्यावर तसे बोललोही. ताई म्हणाल्या, “रुग्णालयाच्या बाकावर गोष्ट लागत नाही. दर दोन ओळींनी कोणी हाक मारतं. हे कुठूनही उघडावं, कुठंही मिटावं.” महिन्याभराने सुनंदाबाई यजमानांना घेऊन गावी परतल्या, तेव्हा वाटेत पुस्तक द्यायला उतरल्या. म्हणाल्या, “पुरणपोळीच्या पानावर किती वेळ होते, माझं मलाच ठाऊक नाय. हे बरे झाले की करीन, येवढंच डोक्यात.” ताईंनी ते पुस्तक परत घेतले नाही.

पण ताईंना नुसते थोर म्हणून सोडून दिले, तर महादेव पावसकर मला सोडणार नाहीत. पावसकर कोळीवाड्यातले, मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा कित्येक महिन्यांसाठी निघताना ताईंनी त्यांना वाळवंटातून निघालेल्या एका काफिल्याची कादंबरी दिली. परत आले ते तडक पडवीत.

“ताई, ह्याचा शेवट कुठाय? पाणी संपलं, उंट बसले नि पुढं पानंच नाय! माझ्याकडनं समुद्रात पडली नायत हां, आधीच सांगतो.”

“माहीत आहे. रद्दीत मिळालं तेव्हापासून तसंच आहे.”

“आणि मला जहाजावर तसंच दिलंत? तिथं दुसरं मागू कोणाकडं? माशांकडं?”

“इतकं चांगलं पुस्तक, शेवट नाही म्हणून कोणी वाचूच नये का? मग काय केलंस?”

करणार काय? रोज जेवणानंतर पावसकर सोबत्यांना ती गोष्ट सांगत होते, त्यामुळे शेवट त्यांना स्वतःच रचावा लागला. त्यांच्या शेवटात एका म्हाताऱ्या उंटिणीला पाण्याचा वास येतो. ताईंनी तो शेवट शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, “खरा काय असेल कोण जाणे. मलाही कधी कळला नाही.” तेव्हापासून दोघांची थट्टा चालू आहे.

आता या वेळच्या तिकिटाकडे येतो. ताईंनी अट घातली होती, “आजवर मी निवडलं. माझ्या प्रवासाचं पुस्तक तुम्ही निवडा. जमलं, तर ज्यानं निवडलं त्यानंच माझ्यामागे कपाटाशी बसायचं. नाही जमलं, तर मी जात नाही.”

मागच्या रविवारी आम्ही गौरव समितीचे सगळेजण पडवीत जमलो. प्रत्येकाने पुस्तक आणले होते. वर्तमानपत्राची वेष्टणे निघाली आणि एकामागून एक हिमशिखरेच बाहेर पडली. मीही त्यातलाच. एकमेकांना न विचारता आम्ही सर्वांनी हिमालयच आणला होता. ताईंनी चष्मा काढला.

“इतकी वर्षं माझ्याकडनं पुस्तकं नेलीत, आणि मी बर्फ बघायला निघाले तर मला बर्फच देता?”

मग “मेघना, ते तिकीट परत करता येतं ना गो?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. समितीतले एक सद्गृहस्थ वातावरण हलके करायला म्हणाले, “नाहीतरी आंबे तयार व्हायच्या वेळी रत्नागिरी सोडून कोण जातं?” ताई उत्तरल्या, “आंबे जन्मभर बघतेय. बर्फ एकदा बघायचा होता.”

पावसकर उशिरा आले. त्यांनी पिशवीतून जुनी कादंबरी काढून ताईंच्या हातात दिली. तोच काफिला, पण ही प्रत पूर्ण होती. मुंबईत फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत ती त्यांना सापडली होती. ताईंनी अधीरपणे शेवट उघडू पाहिला, तर ती पाने उघडेनात. जाळे विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याने पावसकरांनी ती कडेने नीट शिवून टाकली होती.

“हे काय रे महादेवा?”

“तुमच्या पुस्तकात जिथं संपत होतं, तिथपासनं शिवलंय. गाडीत चढायचं, पहिल्यापासनं वाचत जायचं, बर्फ दिसला की दोरा कापायचा. घरात कापलात तर माझा नि तुमचा संबंध संपला.”

ताईंनी दोऱ्यावरून बोट फिरवले. मग पडवीतल्या आपल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बस तिथं. जागेची सवय कर.”

“मेलो!” पावसकर म्हणाले आणि बसले.

मेघना यांनी सामानात छोटी कात्री ठेवली आहे. ताई परतल्यावर गौरव समारंभ होईल, पण सभेआधी पडवीत एक बैठक ठरलेली आहे. काफिल्याला पाणी मिळाले का आणि शेवट कोणाचा सरस, लेखकाचा की पावसकरांचा, याचा निकाल तिथे ताई देतील. तोपर्यंत स्टँडकडे जाणाऱ्या कोणालाही पडवीतून “कुठं निघालात?” असे पावसकरांच्या खड्या आवाजात ऐकू येईल. इंदूताईंचे गुडघे आणि डोळे उत्तम राहोत, त्यांना उदंड आयुष्य लाभो आणि बर्फानंतरही बघायचे पुष्कळ उरो. दर वेळी शिवायला दोरा पावसकर देतील, पुस्तक शोधायला आम्ही सारे आहोत. आणि पुढच्या वेळी हिमालय आणणार नाही, एवढे आम्ही शिकलो आहोत.