अर्ध्या पावलाचा ठेका

"डॉक्टर, या पोरात मला करीम दिसतो," सबनीस साहेब म्हणाले. त्या वेळी मी त्या पोराचा डावा गुडघा हातात धरून बसलो होतो, आणि तो काही केल्या सरळ होत नव्हता.

सबनीस आमचे वर्क्स मॅनेजर. पिंपरीच्या एका कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर होतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि कंपाउंडच्या बाहेर अजून नुसता माळ होता. पोराचं नाव दत्तू, राहणार निघोजे. खडकीला मामाकडे राहून, लष्करी टीमची प्रॅक्टिस बघत फुटबॉल शिकलेला. आमच्याकडे चांगल्या खेळाडूला टेंपररी म्हणून घ्यायचे. टीम जिंकली की पर्मनंट, हरली की ब्रेक, म्हणजे घरी. दत्तू पॅकिंगला होता. रविवारी फायनल होती.

करीम म्हणजे करीमभाई, युद्धाआधी मुंबईची मैदानं गाजवलेले लेफ्ट विंगर. धावता धावता ते अर्धं पाऊल अडखळल्यासारखे थांबत. अडवायला आलेला बॅक फसला की उजव्या टाचेवर गर्रकन आत वळत. दत्तू हुबेहूब तसाच वळायचा. करीमभाई अनवाणी खेळायचे, हा बुटात, एवढाच काय तो फरक. सबनीसांनी तरुणपणी करीमभाईंना पाहिलं होतं. दत्तूचा ठेका बघताना त्यांचे डोळे भरून यायचे. माणूस दुष्ट नव्हता, तरी त्यांचा राग मला आजही येतो.

गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. ती फाटली की तुकडा सांध्यात अडकतो आणि पाय सरळ होत नाही. त्याला आम्ही गुडघा लॉक होणं म्हणतो. दत्तूचा पाय धावताना क्षणभर लॉक व्हायचा, म्हणून तो थांबायचा. डाव्या पायावर भार नको म्हणून उजव्यावर वळायचा. लोक टाळ्या वाजवत होते त्या या दुखण्याला.

थोड्या वेळाने गुडघा आपोआप सुटला, तरी मी सर्टिफिकेटवर 'अनफिट' लिहिलं.

"अनफिट म्हणजे कामाला ना?" सबनीस म्हणाले. "मॅच म्हणजे ड्यूटी नाही, डॉक्टर. तिथे तुमचं सर्टिफिकेट लागत नाही."

"साहेब, गुडघा काही ड्यूटी बघून फाटत नाही."

"एकच मॅच. मग पर्मनंट करतो, ऑपरेशनही करून घेऊ."

ते गेल्यावर मी दत्तूला एकट्याला समजावलं. तो खाली मान घालून ऐकत होता.

"डाक्टरसायेब, समदं पटतंय. पर टेंपररीला कोण इचारत न्हाई. रईवारी खेळलो तर मी पर्मनंट हाय. मंग काय कापायचं त्ये कापा."

मग मी करीमभाईंना गाठायला खडकीला गेलो. ते तिथल्या बाजारात सायकलींचं दुकान चालवत. मॅचच्या आदल्या दिवशी त्यांना टांग्यात बसवून दवाखान्यात आणलं. पायरी चढायला त्यांना माझा खांदा लागला. हे पाहिल्यावर दत्तूला वेगळं काही सांगावं लागणार नाही, असं मला वाटलं.

करीमभाईंनी पायजमा वर सरकवला. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"बेटा, लोक बोलायचे, करीमचा ठेका. ठेका कसला? पाय अडकायचा माझा. दुखायचं, पण टाळ्या ऐकत राहिलो. आता नमाजला खाली बसता येत नाही. तू खेळू नको."

दत्तूने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"म्हंजी चाचा, तुमचं बी असंच व्हायचं? तरी बी तुमी खेळलाच ना?"

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं नाही. "खेळलो," ते म्हणाले.

तिथेच माझ्या लक्षात आलं, आता याला कुणी थांबवू शकत नाही.

फायनलला दत्तूने पहिल्या हाफमध्ये गोल केला. सबनीस उभे राहून 'करीम, करीम' ओरडत होते. दुसऱ्या हाफमध्ये त्याने पुन्हा ठेका घेतला. या वेळी लॉक सुटला नाही, आणि धावत आलेला बॅक नेमका त्या पायावर आदळला. दत्तूची किंकाळी मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली. मॅच आम्ही जिंकलो.

पुण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गादी काढली, पण आतले बंधही तुटले होते. पाय राहिला, गुडघा गेला. कामावरची दुखापत म्हणून मी कागद वर पाठवले. ते परत आले. मॅच म्हणजे ड्यूटी नाही.

"मग निदान पर्मनंट तरी करा," मी सबनीसांना म्हणालो. त्यांच्या मागच्या कपाटावर कप ठेवला होता.

"त्याला मेडिकल फिटनेस लागतो," ते माझी नजर चुकवत म्हणाले. "आणि तुम्हीच अनफिट लिहिलंय, डॉक्टर."

दत्तूला शेवटी करीमभाईंनी दुकानात घेतलं. दोघंही स्टुलावर बसून पंक्चर काढायचे. दोघांचाही डावा पाय पुढे लांब ठेवलेला असायचा.

पुढे बरीच वर्षं मी खेळाडू तपासले. अमका पोरगा हुबेहूब जुन्या तमक्यासारखा खेळतो, असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी आधी एकच विचारतो, तो तमका हल्ली चालतो कसा?