कबरीत टाकलेला झेंडा

माझं शेवटचं पोस्टिंग अमेरिकेत ॲन आर्बरजवळ होतं, फ्युनरल ऑनर्स टीममध्ये. आर्मीत होतो म्हटलं की आपले लोक पहिलं विचारतात, गोळी चालवली का? चालवली, पण ती दुसऱ्या पोस्टिंगवर. इथलं काम साधं. जुना सैनिक वारला की दोघांनी युनिफॉर्ममध्ये जायचं, शवपेटीवरचा झेंडा उचलायचा, त्रिकोणी घडी करायची, घरच्यांच्या हातात द्यायची आणि सॅल्यूट करून निघायचं. नागपूरहून मास्टर्स करायला आलो, इथल्याच आर्मीत भरती झालो आणि सार्जंट शिंदे झालो. घरच्यांना ते आजही फारसं पटलेलं नाही.

नियम एकच, पण तो हाडात मुरवला जातो. झेंडा जमिनीला लागता कामा नये. सरावात एकदा कोपरा लॉनला टेकला, तर इन्स्ट्रक्टरने आम्हा सगळ्यांना पुश-अप्स मारून मारून मेटाकुटीला आणलं. झेंडा कुणाचाही असो, तो म्हणायचा. तेव्हा मी मान डोलावली होती.

त्या सकाळी अंत्यविधी होता एका फिलिपिनो म्हाताऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याचा देश गिळला तेव्हा तो जंगलात राहून अमेरिकनांच्या बाजूने लढला होता. माझ्याबरोबर स्पेशलिस्ट हुद्द्याचा वेब होता, एरवी शाळेत गणित शिकवणारा शांत माणूस. थंडी अशी की ग्लव्ह्जमधली बोटं सुन्न झालेली.

दफनभूमीच्या गेटवर म्हाताऱ्याचा नातू डॅनी भेटला आणि त्याने एक भानगड सांगितली. आजोबांनी लढाईत एका जपानी सैनिकाला मारलं होतं. त्या सैनिकाच्या खिशातला झेंडा, नातेवाइकांनी सह्या करून दिलेला, त्यांनी जन्मभर कपाटात ठेवला होता. डॅनीने इंटरनेटवरून त्या सैनिकाचं घर शोधलं होतं. त्याचा मुलगा जपानहून आला होता आणि विधीनंतर झेंडा त्याला द्यायचा होता. आजीला विचारलंस का, असं मी म्हटलं. तो म्हणाला, विचारलं, ती काही बोलली नाही. अरे शहाण्या, गप्प बसणं म्हणजे होकार असं तुला कुणी शिकवलं? हे अर्थात मी मनातच म्हटलं.

आमचं काम चोख झालं. मी गुडघ्यावर बसून अमेरिकन झेंडा आजीला दिला. सगळे तिला लोला म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत आजीच. तिने झेंडा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, पर्स उघडली आणि तो दुसरा झेंडा काढला. पांढरं पिवळट रेशीम, मधे लाल गोळा.

जपानी गृहस्थ पुढे आला. ऐंशीच्या घरातला, काळा सूट. कमरेत वाकून त्याने दोन्ही हात पसरले. म्हणाला, वडिलांना मी पाहिलं नाही, त्यांचं काहीच घरी आलं नाही.

लोलाने झेंडा सोडला नाही.

"माझी बहीण रोसारियो नऊ वर्षांची होती," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या तुकडीने गावाला चर्चमध्ये कोंडून पेटवलं. मी विहिरीमागे लपले होते. त्या सगळ्यांना कुठे पुरलं ते सांग आणि झेंडा घेऊन जा."

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

लोला माझ्याकडे वळली. "सार्जंट, हा खाली टाक. माझा नवरा याच्यावर झोपेल."

डॅनी रडवेला होऊन नको नको म्हणत होता. वेब कानाशी कुजबुजला, "सार्जंट, आपलं काम झालंय. सॅल्यूट करून निघू."

त्याचं बरोबर होतं. पण माझं डोकं सणकलं होतं. आपल्याकडे जपान म्हटलं की इंग्रजांची खोड मोडणारा देश, असं कौतुकाने सांगतात. आमच्या घरात नाही. माझे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत नाईक होते. सिंगापूरला पकडले गेले आणि जपान्यांनी त्यांना न्यू गिनीला नेऊन उपाशी राबवलं. चालवेना तेव्हा संगिनीने मारलं. एक सोबती जिवंत परतला, त्याने घरी येऊन सांगितलं. माझ्या आजोबांनीही बापाचा चेहरा पाहिला नव्हता. त्यांना कुणी काही आणून दिलं नाही. समोरच्या माणसाचे पसरलेले हात मला दिसत होते आणि मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

मी लोलाच्या हातून झेंडा घेतला आणि पेटीच्या कडेने खड्ड्यात टाकला. तो मेला झेंडा खड्ड्यावर पेटी तोलून धरणाऱ्या पट्ट्यात अडकला. मी बुटाने ढकलला, तेव्हा खाली मातीत पडला. मग मी दफनभूमीच्या माणसांना खूण केली आणि पेटी उतरली.

पुढे तक्रार झाली. कमांडरने विचारलं, पुन्हा अशी वेळ आली तर काय करशील? मी म्हटलं, हेच करीन, सर. मला टीममधून काढलं आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर पुन्हा घेतलं नाही. त्याची मला खंत नाही.

पेटी उतरल्यावर लोलाने माझा हात धरला होता. तुझं कोण गेलं, तिने विचारलं. मी सांगितलं. पणजोबांचं नाव तिने दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, मग डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. नवऱ्याचं नाव घेतलं. रोसारियोचं घेतलं. मग अडखळत, पण पूर्ण, नाईक सखाराम शिंदे.

जपानी म्हातारा अजून तिथेच उभा होता. त्याने हळूच विचारलं, माझ्या वडिलांचंही नाव घ्याल का?

"नाही," लोला म्हणाली, आणि तिने आमेन म्हटलं. मीही म्हटलं.